सुया आल्या होत्या

पडद्यावर स्फटिक वाढवायला ठेवलेल्या चाळीस लहान काचेच्या बाटल्यांचे छायाचित्र होते. प्रत्येक बाटलीच्या तोंडावर पॅराफिल्म ताणून बसवलेली, तिला सुईने पाडलेली चार-पाच भोके, आणि बाटलीच्या पोटावर मार्करने लिहिलेले द्रावकाचे नाव व तारीख. बोलणारी मुलगी पीएच.डी.च्या चौथ्या वर्षाला होती. तिने सांगितले की यांपैकी एकतीस बाटल्यांत काहीही आले नाही, सहांमध्ये तेलकट चिकटा आला, दोन बाटल्यांत मूळचेच दोन पदार्थ वेगवेगळे बाहेर पडले, आणि उरलेल्या एका बाटलीत गेल्या जुलैमध्ये पातळ पट्ट्यांसारखे काही स्फटिक आले, जे त्यानंतर पुन्हा कधीच आले नाहीत. एवढे सांगून ती थांबली. सभागृहातल्या पन्नासेक मुलामुलींपैकी कोणी चुळबुळ केली नाही; मागच्या रांगेतले दोघे-तिघे तर उठून पुढच्या रिकाम्या खुर्च्यांवर येऊन बसले.

हे चर्चासत्र पुण्याच्या पाषाण रस्त्यावरच्या एका संशोधनसंस्थेत, ऐन पावसाळ्यातल्या एका शनिवार-रविवारी भरले होते. विषय होता क्रिस्टल इंजिनियरिंग, म्हणजे स्फटिकांची हेतुपूर्वक रचना, आणि आलेली मुले एक तर पीएच.डी. करणारी होती किंवा नुकतीच पदवी मिळवून पोस्टडॉक म्हणून लागलेली. आयोजनही त्यांचेच होते आणि त्यांनी एक नियम केला होता: पहिल्या दिवशी कोणाच्याही गाईडने सभागृहात बसायचे नाही. मी महाविद्यालयातून निवृत्त झाले आहे आणि कोणाचाही प्रबंध माझ्या हाती नाही, म्हणून मला मात्र दोन्ही दिवस बसता आले. दुसऱ्या दिवशी तासभर मुलांशी बोलावे, अशी त्यांची विनंती होती. या नियमाचे महत्त्व मला पहिल्याच व्याख्यानात कळले. गाईड समोर असते तर त्या मुलीने एकतीस रिकाम्या बाटल्या पडद्यावर लावल्या नसत्या.

या विद्याशाखेबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगते. रसायनशास्त्रज्ञ रेणू बनवतो, पण घनपदार्थाचे गुण एकट्या रेणूवर ठरत नाहीत. ते रेणू एकमेकांशेजारी कसे बसतात यावरही ठरतात. इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेत गेर्हार्ड श्मिट यांनी १९६० च्या दशकात सिनॅमिक आम्लांच्या स्फटिकांवर प्रकाश टाकला, तेव्हा शेजारच्या दोन रेणूंमधले दुहेरी बंध साधारण ४.२ अँगस्ट्रॉमपेक्षा जवळ असतील तरच ते रेणू जोडले जातात, नाहीतर प्रकाशाचा काही परिणाम होत नाही, असे त्यांना दिसले. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. इतक्या सूक्ष्म अंतरावर जर अभिक्रिया होणे न होणे ठरत असेल, तर रेणूंची बैठकच आपल्याला हवी तशी घडवता येईल का, हा प्रश्न तेथून निघाला. पुढे हैदराबादला काम करत असताना गौतम देसिराजू यांनी १९८९ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला आणि १९९५ मध्ये 'सिंथॉन' ही कल्पना स्फटिकांना लावून दाखवली. आज जगभरातले संशोधक या क्षेत्रात ज्या परिभाषेत बोलतात, तिचा मोठा वाटा भारतात घडला आहे. ही गोष्ट आपल्या पदवीच्या वर्गांत पुरेशा अभिमानाने सांगितली जात नाही, याची मला नेहमी खंत वाटते.

सिंथॉन म्हणजे काय, हे मी वर्गात फुगडीवरून सांगत असे. कार्बोक्सिलिक आम्लाचे दोन रेणू समोरासमोर आले की प्रत्येक जण एक हात देतो आणि दुसऱ्याचा एक हात धरतो. दोन हायड्रोजन बंधांची ती जोडी पक्की बसते आणि असंख्य स्फटिकांत ती पुन:पुन्हा आढळते. पण जवळ पिरिडिनसारखा नायट्रोजनवाला रेणू आणून ठेवला, तर आम्ल बहुधा ही फुगडी सोडते आणि त्याचा हात धरते. अशा रीतीने दोन वेगळे पदार्थ एकाच स्फटिकात नांदू लागले की त्याला सहस्फटिक म्हणतात. पाण्यात नीट न विरघळणाऱ्या औषधाला असा जोडीदार मिळाला, तर रेणूत काहीही फेरफार न करता त्याची विद्राव्यता बदलते. त्या मुलीचा प्रयत्न हाच होता. एक आम्लधर्मी औषधी संयुग आणि आयसोनिकोटिनामाइड हा असाच नायट्रोजनवाला रेणू यांची जोडी तिला जमवायची होती. कागदावर ती जमण्यासारखीही होती. फक्त दोघांच्या पीकेए मूल्यांतला, म्हणजे हायड्रोजन धरून ठेवण्याची ताकद दाखवणाऱ्या अंकांतला, फरक अशा मधल्या पट्ट्यात पडत होता की हायड्रोजन आम्लाकडेच राहून सहस्फटिक होईल की तो नायट्रोजनकडे जाऊन क्षार होईल, हे आधी सांगता येत नव्हते. फरक शून्याच्या खाली असेल तर सहस्फटिक आणि तीनच्या बऱ्याच वर असेल तर क्षार, असा ढोबळ नियम आहे. मधल्या पट्ट्यात शेवटी बाटलीलाच विचारावे लागते.

तिचे बोलणे संपल्यावर जी चर्चा झाली, तिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला आहे. नांदेडकडच्या एका मुलाने पहिला प्रश्न विचारला: ती बाटली ठेवली त्या आठवड्यात प्रयोगशाळेतला एसी चालू होता का? तिने आपल्या वहीचे पान उघडून पाहिले आणि सांगितले की तो बंद पडला होता, खिडक्या उघड्या होत्या. मग एकीने विचारले की द्रावक म्हणून घेतलेल्या मिथेनॉलची बाटली नवी फोडलेली होती की जुनी. जुनी होती. मिथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, आणि पुण्याची एप्रिलमधली कोरडी हवा व जुलैमधली दमट हवा यांत किती अंतर असते, हे येथे काम करणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. तर मग ते जे एकदाच आले, त्याच्या चौकटीत पाण्याचा रेणू अडकलेला असेल का, म्हणजे ते हायड्रेट असेल का? तिसऱ्याने सुचवले की नव्या बाटलीत मुद्दाम दोन थेंब पाणी घालून बघ. चौथ्याने सांगितले की त्या जुन्या पट्ट्यांचा चुरा उरला असेल तर आधी थर्मोग्रॅव्हिमेट्री कर, म्हणजे तो तापवत त्याचे वजन मोज. शंभर अंशांच्या आसपास वजन घटले तर पाण्याची शंका बळावेल. मागून कोणी तरी विचारले की बाटली धुतलेली होती का, आधीच्या प्रयोगाचा एखादा कण काचेला चिकटून राहिला नसेल ना? कारण तेवढा एक कणही बीज म्हणून पुरतो. अर्धा तास हे चालले होते. ती मुलगी उभी राहून सगळे लिहून घेत होती आणि तिचा चेहरा हळूहळू मोकळा होत होता.

चहाच्या वेळी मी बाहेर आले. प्रवेशद्वाराजवळच्या काचेच्या कपाटात पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतला एक दगड ठेवलेला आहे. काळ्या बेसॉल्टच्या पोकळीत पांढऱ्या स्टिलबाइटचा थर आणि त्यावर करवंदाएवढे दोन गर्द निळे गुच्छ. जवळून पाहिले तर प्रत्येक गुच्छ म्हणजे मध्यातून बाहेर फाकलेल्या बारीक निळ्या पात्यांचा गोळा आहे. हे कॅव्हन्साइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या तीन शब्दांची आद्याक्षरे जोडून हे नाव केलेले आहे. हे खनिज प्रथम सापडले अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात, पण जगातले सर्वांत देखणे नमुने आपल्या वाघोलीचे, खडीसाठी फोडलेल्या कातळातून निघालेले. त्याच रासायनिक सूत्राचे पेंटागोनाइट नावाचे दुसरे खनिजही वाघोलीलाच सापडले आहे. अणू तेच, त्यांचे प्रमाण तेच, पाण्याचे रेणूही तितकेच. फक्त सिलिकेटच्या थरांतली कडी वेगळ्या तऱ्हेने जुळलेली, एकात चार आणि आठांची तर दुसऱ्यात सहांची. एकाच पदार्थाची अशी दोन रूपे असणे याला बहुरूपता म्हणतात. दख्खनच्या लाव्ह्याच्या पोकळ्यांमध्ये गरम पाणी झिरपत असताना एका ठिकाणी हे रूप का आले आणि दुसरीकडे ते का आले, हा प्रश्न मूळचा त्या मुलीच्याच प्रश्नासारखा आहे. तिच्याजवळ निदान तारीख लिहिलेली बाटली तरी आहे.

ती माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. "मॅडम, ते एकदाच आलेलं मी थिसिसमध्ये लिहू का?" तिने विचारले. मी तिला लगेच उत्तर दिले नाही, कारण हाच प्रश्न मी तीस वर्षांपूर्वी विचारला होता.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मी पुण्यातच पीएच.डी. करत होते. एका पिवळ्या नायट्रो संयुगाचे स्फटिक मी वाढवत असे आणि ते नेहमी जाड, चौकोनी पाट्यांसारखे येत. एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीत प्रयोगशाळा बंद राहिली, बाटल्या टेबलावर तशाच राहिल्या, आणि परत आल्यावर एका बाटलीत सुया दिसल्या. फिकट, जवळजवळ लिंबाच्या सालीच्या रंगाच्या, बोटाच्या पेराएवढ्या लांब, काचेला टेकून उभ्या वाढलेल्या. मी त्यांतली एक उचलून ध्रुवणदर्शी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. टेबल फिरवले की ती टोकापासून टोकापर्यंत एकदम काळी होई आणि आणखी फिरवले की पुन्हा उजळे. एकसंध, चांगल्या स्फटिकाची ती खूण असते. आता शंभर केल्विनपर्यंत थंड केलेल्या नायट्रोजनच्या झोतात स्फटिक ठेवून त्यावर क्ष-किरण सोडले की काही तासांत त्याच्या रचनेची सगळी माहिती गोळा होते. तेव्हाचे आमच्याकडचे यंत्र क्ष-किरणांचे एकेक परावर्तन वेगळे मोजत असे, एका स्फटिकाला अनेक दिवस लागत आणि पुढे नंबर लागलेले असत. माझा नंबर आठवड्याने होता. पाचव्या दिवशी सकाळी सुया दुधाळ झालेल्या होत्या. सहाव्या दिवशी त्यांच्या अंगावर बारीक पाट्या उमटल्या होत्या, आणि यंत्रावर जाण्यासारखे काही उरले नव्हते.

मी त्याच संयुगावर अकरा वेळा प्रयत्न केला. एकदाही सुया आल्या नाहीत. माझ्या मार्गदर्शकांनी सांगितले की जे पुन्हा करून दाखवता येत नाही ते लिहायचे नसते, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. प्रबंधात एकाच रूपाची नोंद गेली. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारले की दुसरे रूप कधी आढळले का, तेव्हा मी "नाही" म्हणाले. ते उत्तर खरे नव्हते आणि ते मला आजही बोचते. पदवी गेली असती असे नाही. "एकदा आढळले, टिकले नाही" एवढेच म्हणायचे होते. ते म्हणायला जी जागा लागते, ती मला तेव्हा दिसली नव्हती.

एकदा दिसलेले आणि पुन्हा न आलेले स्फटिक ही काही क्वचित घडणारी गोष्ट नाही. जॅक ड्युनिट्झ आणि जोएल बर्नस्टाइन यांनी १९९५ मध्ये नेमके यावरच लिहिले: अनेक प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे मिळत असलेले रूप एखाद्या दिवसापासून मिळेनासे झाले, कारण त्याहून स्थिर असलेल्या रूपाचे बीज तेथे शिरले होते. पुढच्या दोन-तीन वर्षांत याची किंमत जगाला मोजावी लागली. एचआयव्हीवरचे रिटोनाव्हिर हे औषध १९९६ मध्ये बाजारात आले. १९९८ मध्ये त्याच्या कॅप्सूल विरघळण्याच्या चाचणीत नापास होऊ लागल्या. तपासात कळले की आधी कधीही न दिसलेले दुसरे रूप अवतरले आहे, ते जास्त स्थिर आहे आणि म्हणून कमी विरघळते. एकदा त्याचे कण पसरल्यावर मूळचे रूप तेथे बनवणे दुरापास्त झाले आणि कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. ज्यांचे प्राण त्या गोळीवर अवलंबून होते, अशा रुग्णांपर्यंत हा प्रश्न पोहोचला होता. म्हणून एखादा संशोधक विद्यार्थी आपल्या वहीत "एकदाच आले, वेगळे दिसते" असे लिहितो, तेव्हा ती नोंद मला फार मोलाची वाटते.

दुसऱ्या दिवशीच्या माझ्या तासात मी मुलांना दोन गोष्टी सांगितल्या. पहिली रिचर्ड रॉबसन यांची. १९७४ मध्ये मेलबर्न विद्यापीठात विद्यार्थ्यांना रेणूंच्या प्रतिकृती करता याव्यात म्हणून त्यांना लाकडी गोळे हवे होते, आणि प्रत्येक गोळ्याला भोके कोठे पाडायची हे सुताराला सांगायचे होते. गोळे आल्यावर त्यांच्या ध्यानात आले की भोके योग्य जागी पडली की प्रतिकृतीचा आकार आपोआप ठरतो, सगळी माहिती त्या भोकांच्या जागेतच आहे. मग खरे अणू आणि रेणू असेच जोडता येतील का, हा विचार त्यांच्या मनात दहा वर्षांहून अधिक काळ राहिला. १९८९ मध्ये त्यांनी तांब्याचे आयन आणि चार हातांचा एक रेणू जोडून हिऱ्यासारखी, पण आत प्रशस्त पोकळ्या असलेली चौकट उभी केली. त्या पहिल्या चौकटी सहज ढासळत. त्या ढासळणाऱ्या गोष्टी त्यांनी प्रसिद्ध केल्या, पुढे सुसुमु कितागावा आणि ओमार याघी यांनी टिकाऊ चौकटी घडवल्या, आणि २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल या तिघांना मिळाले. मुलांना नोबेलची तारीख माहीत होती. चौकटी ढासळत होत्या, हे बहुतेकांना माहीत नव्हते.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या हॅवरफर्ड कॉलेजची. तेथल्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेच्या जुन्या वह्यांमधले फसलेले, कधीच प्रसिद्ध न झालेले प्रयोग गोळा करून संगणकात भरले आणि त्यांच्यावर यंत्राला शिकवले. व्हॅनेडियम सेलेनाइट या संयुगांचे स्फटिक कोणत्या परिस्थितीत येतील, याचा अंदाज त्या यंत्राने ८९ टक्के वेळा बरोबर दिला. अनुभवी रसायनशास्त्रज्ञांच्या अंदाजांना ७८ टक्के यश आले. हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. केंब्रिजच्या ज्या संग्रहात १९६५ पासून कार्बनी संयुगांच्या स्फटिकरचना साठवल्या जातात, त्याने २०१९ मध्ये दहा लाखांचा टप्पा ओलांडला. तो संग्रह हे आमच्या शाखेचे वैभव आहे आणि मी त्याचे ऋण मानते. पण त्यात आलेल्या स्फटिकांचीच नोंद आहे. त्या दहा लाखांमागे ज्या बाटल्या रिकाम्या राहिल्या, त्यांची नोंद त्यात नाही. ज्याला फक्त पास झालेल्यांच्या उत्तरपत्रिका दाखवल्या, त्याला नापास होण्याची कारणे कशी कळणार?

यावर एका पोस्टडॉकने अगदी सरळ प्रश्न विचारला. शिष्यवृत्ती पाच वर्षांची असते, त्या मुदतीत शोधनिबंध छापून यावे लागतात, आणि रिकाम्या बाटल्यांचा शोधनिबंध कोणी छापत नाही. मग वेळ कशावर घालवायचा? त्याच्या प्रश्नात तक्रार नव्हती, काळजी होती, आणि ती खरी आहे. माझ्याजवळ त्याच्या मुदतीवर उपाय नाही. मी एवढेच सांगितले की प्रबंधाच्या शेवटी परिशिष्ट जोडायला कोणाची परवानगी लागत नाही आणि त्यासाठी एक दिवस पुरतो: प्रत्येक बाटलीसाठी एक ओळ, द्रावक, प्रमाण, तापमान, किती दिवस ठेवली, काय आले. हे ऐकल्यावर मुलांनी आपसांत ठरवले की निदान या पन्नास जणांचा तरी एक सामाईक तक्ता करायचा, आणि संध्याकाळपर्यंत त्याचे रकानेही ठरले. 'हवेतली आर्द्रता' हा रकाना त्या नांदेडच्या मुलाने आग्रहाने घालून घेतला.

मग मी सगळ्यांसमोर माझ्या सुयांबद्दल सांगितले आणि तोंडी परीक्षेतल्या त्या उत्तराबद्दलही. सभागृहात कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने त्या मुलीने विचारले, "मॅडम, ती वही अजून आहे का?"

वही होती. रविवारी रात्री माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. पाने पिवळी पडली आहेत, पण शाई टिकली आहे. बाटली क्रमांक सतरा. त्या ओळीत ॲसिटोन असे लिहून पुढे 'पाणी' आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह आहे. खाली 'झाकण सैल राहिले होते', आणि मग दोनदा अधोरेखित केलेले 'सुया आल्या'. तापमान लिहिलेले नाही. पानाचा फोटो काढून मी तिला पाठवला आणि त्या तक्त्यात ही ओळ घालायला सांगितली. सकाळी तिचे उत्तर आले होते: "मॅडम, बाकी सगळे रकाने भरले. त्या दिवाळीत पाऊस झाला होता का?"

मला आठवत नाही. पण शिवाजीनगरला हवामान खात्याच्या सिमला ऑफिसात जुन्या नोंदी मिळतात. बाटली ठेवल्याची आणि उघडल्याची, अशा दोन्ही तारखा मी एका कागदावर उतरवून घेतल्या आहेत. उद्या सकाळी अकराला जाते.